बंदूक होती तशी करून द्या

बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक स्क्रू आणि दुसरे किस्से. कुठला कुठल्या बंदुकीतून निघाला हे नंतर कुणालाच आठवत नाही, आणि फेकवतही नाहीत! भाऊ दामल्यांच्या दुकानातले स्क्रू बिस्किटांच्या डब्यांत आहेत, किस्से माझ्या डोक्यात आहेत. पण आज सांगतोय ते सगळे एकाच रायफलीचे आहेत. ऐकताना तुम्हाला हसू येईल. आम्हाला मात्र दर शनिवारी रडू यायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकान बुधवार पेठेत, रेडिओ आणि वायरींच्या दुकानांच्या मागच्या बोळात, लाकडी जिन्यावरून वर. भाऊ तिथे लायसनच्या बंदुका दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकांचा अपमान करतात. दुसऱ्या कामाचे पैसे घेत नाहीत. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं तिथे जमायचो. एक मी, सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा घाबरट वारस. दुसरे कर्नलसाहेब. त्यांना जुन्या लष्करी हत्यारांचा नाद, आणि तो त्यांनी आम्हाला लावला. तिसरे बिबवेवाडीचे सोपानदादा. घरची शेती होती, तिच्यावर आता बिल्डिंगी आहेत, आणि त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर दादा आईसोबत राहतात.

त्या दादांची ही रायफल.

* * *

दादांनी ती पहिल्यांदा आणली तेव्हा आईच्या नऊवारी लुगड्यात गुंडाळून आणली होती. लुगडं सुटलं आणि कर्नलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"दादा, हे काय आहे? बँडवाल्याचं वाजवायचं सामान?"

ती मार्टिनी होती. खालचा खटका ओढला की उघडणारी, एका वेळी एकच गोळी घेणारी, राणीच्या राज्यातली लष्करी रायफल. सैन्यातून बाद झाल्यावर तिची नळी आतून गुळगुळीत करून तिला छऱ्याची बंदूक बनवलेली होती, आणि तशी ती दादांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, लिलावात घेतली होती. पण अंगावर पूर्ण निकेलचं पाणी! आरशात पाहावं तसं तिच्यात तोंड दिसत होतं.

"आमच्या लग्नात चमकवली," दादा म्हणाले. "वरातीत लोकान्ला दिसाया पायजे म्हनून. मीच केलं. आबा बोलले न्हाईत, पन चार दिस जेवले न्हाईत."

शिवाय नळीखालचं लाकूड निम्मं कापलेलं, कारण तिथे कधीतरी बॅटरी बांधली होती. आणि मागचा दस्ता! तो तर चांगला वीतभर छाटलेला, आणि कापल्या तोंडावर टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला.

"टायर!" कर्नलसाहेब म्हणाले. "कुठल्या गाढवानं केलं हे?"

"ते ठावं न्हाय. मला कळतंय तवापासून ती तशीच हाय."

दादांचं मागणं साधं होतं. आई थकली होती. तिच्या डोळ्यांदेखत ही बंदूक होती तशी करायची आणि दसऱ्याला तिच्या हातात द्यायची. लग्नातल्या त्या चमकवण्याचं त्यांना आयुष्यभर लागून राहिलं होतं. "आबा तर गेले. आई तरी बघंल," एवढंच म्हणाले.

कर्नलसाहेब विरघळले. "नळीला हात लावायचा नाही. लायसनवर जे लिहिलंय तेच ती राहणार. आपण फक्त तिचा मूळचा पोशाख तिला परत द्यायचा."

भाऊंनी रायफल हातात घेतली, फिरवून पाहिली आणि पहिला नियम सांगितला. "आजपासून या बंदुकीला कुणी काहीही करायचं नाही. मीसुद्धा. विचार झाल्याशिवाय."

त्या दुकानात विचार व्हायला किती वेळ लागतो हे दादांना माहीत नव्हतं.

* * *

जुन्या हत्याराची किंमत कशात असते, यावर कर्नलसाहेबांचं एक भाषण आहे. ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. किंमत चकाकीत नसते, डागांत असते. लाकडावरचा हाताचा काळेपणा, लोखंडावरची तपकिरी झाक, झिजत आलेले शिक्के. एकदा घासलंत की गेलं. सुटा भाग परत लावता येतो, घासलेला भाग परत आणता येत नाही.

हे भाषण मी घरी जाऊन बायकोला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी तिनं आजोबांची बंदूक खाली काढली आणि चिंच-मीठ लावून तिचं सगळं पितळ देवाच्या भांड्यांबरोबर घासलं! पितळेवर आजोबांच्या संस्थानाचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे, होतं.

शनिवारी मी ती गुपचूप दुकानात नेली. कर्नलसाहेबांनी नुसता अंगठा फिरवला.

"कुणी केलं?"

"मिसेसनी."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या वर्षी पूजेला विळी ठेवा."

घरी येऊन मी तणतणलो. म्हटलं, "अगं, तो मळ नव्हता, किंमत होती!"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मळ कुठे आणि किंमत कुठे, त्याच्या चिठ्ठ्या लावून ठेवत जा. मला दोन्ही सारखंच दिसतं."

हा किस्सा दुकानात सांगितल्यावर दादांनी निःश्वास टाकला. "आमची बरी हिकडं हाय. सुरक्षित."

* * *

सुरक्षित!

निकेल उतरवायचं काम भाऊंच्या दुकानात होणारं नव्हतं. सगळे सुटे लोखंडी भाग त्यांनी एका ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे नेले. तिघंही बरोबर गेलो. कर्नलसाहेबांनी त्या माणसाला तीन भाषांत बजावलं. फक्त निकेल काढायचं. खालच्या लोखंडाला काही करायचं नाही. पॉलिश नाही, बफिंग नाही, काही नाही. डाव्या बाजूवर राणीचा मुकुट कोरलाय, त्याच्याकडे तर बघायचंसुद्धा नाही.

माणूस चोख निघाला. त्यानं सांगितल्या दिवशी निकेल असं अलगद काढलं की खालची जुनी झाक जशीच्या तशी वर आली. हे त्यानं स्वतःच आम्हाला सांगितलं. कारण आम्ही पोचेपर्यंत ती उरली नव्हती.

"फार डाग होते, साहेब," तो आनंदानं म्हणाला. "एवढी मोठी माणसं माझ्याकडे आली, म्हटलं पॉलिश आपल्याकडून. त्याचे पैसे नाही लावले!"

कर्नलसाहेब तिथल्याच एका ड्रमवर बसले. या माणसानं दोन लढाया पाहिल्या आहेत. पण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. भाऊंनी भिंग काढून डावी बाजू उजेडात धरली.

"अर्धा मुकुट राहिलाय."

"आणि उरलेला?"

"उरलेला सत्तेचाळीस साली जायला हवा होता. थोडा उशीर झाला."

दादा मात्र रडवेले झाले. घरी जाऊन आईला काय सांगू, म्हणाले. ती रोज विचारत होती, "माझी बंदूक झाली का रं?" 'माझी' म्हणायची याचं आम्हाला कौतुक वाटायचं. नवऱ्याचं ते सगळं तिचंच, त्या पिढीचं तसंच. दर शनिवारी ती दादांबरोबर आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवायची. कारागिरांना द्यायची म्हणून! कर्नलसाहेब स्वतःला कारागीर म्हणवून घेत ती चाटूनपुसून खायचे.

* * *

मग दस्त्याचा शोध सुरू झाला. पूर्ण लांबीचा, त्याच काळातला, त्याच अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हवा. नवा करून लावला तर जाणकार दारातूनच परत जाणार. जुना बाजार पालथा घातला. नाटकवाल्यांचं सामान पाहिलं. एका तालमीतून तर आम्हाला हाकलून दिलं.

शेवटी दस्ता येरवड्याला सापडला. एका रिटायर झालेल्या पहारेकऱ्याच्या घरी, मोरीत. त्याची बायको धोपाटणं म्हणून वापरत होती! वर्षानुवर्षं त्यावर साबण आणि पाणी पडलेलं, तरी लाकूड दगडासारखं शाबूत आणि बुडाची पितळी पट्टीसुद्धा जागेवर. कर्नलसाहेबांनी मोरीतच गुडघे टेकले.

बाई सोडायला तयार नाहीत. "आता मी कपडे कशानं आपटू?"

भाऊंनी नवीन धोपाटणं आणून दिलं. चांगलं सागवानी, वर पॉलिश. दस्ता पदरात पडला आणि आम्ही रिक्षात बसून विजयी वीरासारखे परत आलो.

पुढच्या आठवड्यात बाईंचा मुलगा दुकानात हजर! हातात सागवानी धोपाटणं.

"आई म्हणते, परत घ्या. हे हाताला बसत नाही. तिला तिचंच पाहिजे."

"धोपाटण्याला काय हाताला बसायचंय?" भाऊ म्हणाले. "आईंना सांग, महिनाभर कपडे आपटा. बसेल."

आम्ही खूप हसलो. कर्नलसाहेब तर डोळे पुसेपर्यंत हसले.

* * *

आता नळीखालचं लाकूड. ते निम्मं शिल्लक होतं, उरलेलं जोडायचं होतं. पण जोड कशाचा? नवीन अक्रोड वेगळं दिसतं. त्याच्यावर कितीही जवसाचं तेल चोळा, वय काही येत नाही.

इथे कर्नलसाहेबांना सुचलं. टेबलावर तो कापलेला जुना दस्ता पडलेला होता. टायरचा तुकडा कर्नलसाहेबांनी पहिल्याच महिन्यात खिळ्यांसकट उपटून खिडकीतून बोळात फेकला होता. उरलेला हा ठोकळा. त्याच रायफलीचं, त्याच वयाचं लाकूड!

"गाढवाचा दस्ता कामाला आला," ते म्हणाले. "यातूनच जोड काढा."

भाऊंनी दादांकडे पाहिलं. त्यांच्या दुकानात निघालेला कुठलाही भाग फेकत नाहीत, चिरत तर नाहीतच. दादा म्हणाले, "तुमी जानकार मान्सं. करा."

भाऊंनी दस्ता उभा चिरला. त्याच्या पट्ट्या काढून असा सांधा बसवला, असा सांधा बसवला, की नखाला लागेना! आम्ही भिंग घेऊन आळीपाळीनं शोधत बसलो. उरलेला भुसा भाऊंनी सरसात कालवून बारीक फटींत भरला. त्या गाढवाच्या दस्त्याचं चिमूटभरसुद्धा वाया गेलं नाही. त्या दिवशी भाऊंनी पहिल्यांदा आम्हाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. एवढ्या वर्षांत आम्हाला मनापासून आनंद झालेला तो एकमेव शनिवार.

* * *

रायफल तयार झाली, दसरा तोंडावर आला, आणि निवडणूक जाहीर झाली.

निवडणूक आली की लायसनच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. दादा लुगड्यात गुंडाळून घेऊन गेले. दसरा गेला, निकाल लागले, मिरवणुका संपल्या, मग कधीतरी बंदूक परत मिळाली. दादा ती घेऊन घरी न जाता सरळ दुकानात आले आणि लुगडं सोडलं.

दस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, हाताच्या पंजाएवढा, जमा नंबर घातलेला!

"मी ईचारलं," दादा म्हणाले. "म्हटलं, सायेब, चिठ्ठी का न्हाय बांधली? तर म्हनाला, चिठ्ठी पडती. रंग पडत न्हाय."

कर्नलसाहेब आणि भाऊ यांच्यात मग जे भांडण झालं ते दोन शनिवार चाललं. भाऊंचं म्हणणं, रंग उतरवू. कर्नलसाहेबांचं म्हणणं, उतरवताना खालच्या लाकडाची जुनी झाक जाणार, त्यापेक्षा राहू द्या. हत्यार ज्याच्या ज्याच्या हातून गेलं त्याच्या खुणा हाही इतिहासच असतो.

दादा इतका वेळ त्या नंबरावरून बोट फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "मंग आमच्या लग्नाचं निकल इतिहास नव्हतं व्हय?"

भाऊ उठले आणि टर्पेंटाइनची बाटली शोधायला लागले. त्यांनी तो रंग कानातला मळ काढायच्या काडीनं, इतका सावकाश काढला की पुढचा दसरा जवळ आला.

आईचा निरोप मात्र चटणीबरोबर येतच होता. "माझी बंदूक झाली का? माझे डोळे हायेत तवर आना म्हनावं."

* * *

खंडेनवमीच्या आधी कर्नलसाहेबांनी मुंबईहून एका संग्राहकाला बोलावलं. पांढरे हातमोजे घालून आला. रायफल पाहायला इतका वेळ लावला की भाऊंनी दोनदा लाइटच्या बिलाची आठवण काढली. अर्ध्या मुकुटावर तो हळहळला. पण लाकडाचा सांधा त्याला सापडला नाही! आम्ही दाखवला तेव्हा तो भाऊंच्या पाया पडायचाच बाकी राहिला.

"असं काम मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "कचऱ्यात जमा झालेली वस्तू तुम्ही संग्रहात आणून ठेवलीत. हिची किंमत तुम्हाला कल्पना नाही इतकी वाढलीय. मला द्या. आकडा तुम्ही बोला."

दादांनी हात जोडले. "इकायची न्हाय. आईची हाय ती."

कर्नलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. सगळं बिघडत बिघडत का होईना, आम्ही एक गोष्ट पुरी केली होती.

* * *

खंडेनवमीला आम्ही चौघंही बिबवेवाडीला गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. भाऊ जिन्यात प्रत्येक मजल्यावर बिल्डरचा उद्धार करत होते आणि बिल्डरला जागा देणारे दादा निमूट ऐकत होते.

आई पाटापाशी वाट पाहत बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. पाटावर बसलेल्या लहान मुलीएवढी दिसेल, अशी बुटकी बाई. पाटावर विळा, कोयता, खुरपं, दादांच्या गाडीच्या चाव्या. मधली जागा मोकळी ठेवलेली. हळद-कुंकवाचं ताट, झेंडूची फुलं.

दादांनी लुगडं सोडलं आणि रायफल तिच्या पुढ्यात धरली. "घे आई. व्हती तशी करून आनली."

तिनं लोखंडावरून हात फिरवला. निकेल गेलेलं पाहून हसली. "ते चमचम काढलंस, ब्येस केलंस. त्यांना लई लागलं व्हतं ते."

दादांनी आमच्याकडे पाहिलं. तसा मोकळा चेहरा मी त्यांचा आधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही.

मग ती भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, "दे हिकडं." आणि रायफल उचलून थेट खांद्याला लावली! इतकी सराईतपणे, की कर्नलसाहेब चकित होऊन पुढे झुकले. पण दस्ता खांद्यावर ठरेना. तिनं काखेजवळ घेतला, परत वर घेतला. मान लांब केली. उजवा हात ताणून ताणून पाहिला, बोट घोड्यापर्यंत पोचेना.

तिनं रायफल खाली घेतली.

"सोपाना, ही कुनाची आनलीस?"

"आपलीच हाय की, आई."

"आपली न्हाय. आपली माझ्या खांद्याला बसायची." तिनं दस्त्यावर तळवा ठेवला. "हे पुन्याला तरकारी घेऊन जायाचे, मळ्यात मी येकली. डुकरं यायची, चोर यायचे. मला ही लांब पडायची. मंग ह्यांनी माझं माप घेऊन दस्ता कापला. बार काढल्यावर खांदा दुखायचा तर सायकलीचं न्हाय, मोटारीचं टायर हुडकून आनून ठोकलं. कुटं गेला त्यो?"

भाऊ नळीखालच्या लाकडाकडे बघत होते. कर्नलसाहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

दादा जोरात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे बोलायला लागले. "अगं, राणीच्या टायमाला व्हती तशी केलीया! मुंबईचा मानूस हातमोजं घालून बघून गेला. म्हनला, लई किंमत वाढली हिची. मागत व्हता, मी न्हाय दिली!"

आईनं बंदुकीला लावायला बोटावर हळद-कुंकू घेतलं होतं. ते बोट तिनं पदराला पुसलं.

"वाढली न्हवं किंमत?" ती म्हणाली. "मंग आता इकून टाक."